आजोबांच्या मालमत्तेत नातवंडांचा हिस्सा: आधी तारखा मांडा, मग हक्क मोजा

"आजोबांच्या फ्लॅटमध्ये माझा हिस्सा किती?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "वडील आहेत का?" प्रश्न जरा निष्ठुर आहे, पण इलाज नाही. वडील हयात असतील तर दहापैकी आठनऊ वेळा उत्तर असतं, "आज तरी काही नाही." वडील आजोबांच्या आधी गेले असतील आणि आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील, तर त्याच नातवाचा हक्क पक्का असतो आणि काकांनी कितीही आवाज चढवला तरी तो हलत नाही.

दादरला संध्याकाळी मी बसतो तिथे मागे एक मुलगा आला होता. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात सगळे कागद कोंबलेले. मुलुंडचा फ्लॅट आजोबांनी नोकरीत असताना घेतलेला. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललेली आणि सोसायटीच्या दप्तरी नाव काकांचं. त्याला सांगण्यात आलं होतं की "नॉमिनी काका आहेत, विषय संपला." विषय संपला नव्हता. त्याचं प्रकरण पुढे पुढे येत राहील, कारण मुंबईतली अर्धी प्रकरणं याच वळणाची असतात.

पहिलं काम: वंशावळ, तारखांसकट

एक कोरा कागद घ्या. वर पणजोबा, खाली आजोबा-आजी, त्याखाली वडील, काका, आत्या, त्याखाली तुम्ही आणि तुमची भावंडं. प्रत्येकाच्या नावापुढे जन्मतारीख आणि गेलेल्यांच्या नावापुढे मृत्यूची तारीख. आत्या वगळू नका; लोक हमखास वगळतात, आणि मग सगळा हिशेब चुकतो.

नुसतं वर्ष पुरत नाही. कोविडच्या काळात एकाच घरातली दोन माणसं आठवड्याभरात गेली. आधी वडील की आधी आजोबा, यावर वाटण्या बदलतात, म्हणून दोन्ही मृत्यूचे दाखले काढा. अपघातासारख्या प्रसंगात दोघे एकदमच गेले आणि आधी कोण हे कळायला मार्ग नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २१ असं मानायला सांगतं की वयाने लहान असलेला मोठ्याच्या मागे जगला. उलट पुरावा आला तर गोष्ट वेगळी.

हा १९५६ चा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय, तो लागू होत नाही.

दुसरं काम: मालमत्ता आजोबांकडे आली कशी?

'वडिलोपार्जित' हा शब्द आपण फार सैल वापरतो. आजोबांचं ते सगळं वडिलोपार्जित, असा समज असतो. कायदा तसं मानत नाही.

आजोबांनी पगारातून, प्रॉव्हिडंट फंडातून, कर्ज काढून घेतलेलं घर ही त्यांची स्वकष्टार्जित मालमत्ता. मुंबईतले बहुतेक फ्लॅट याच खात्यात बसतात. आजोबा जिवंत असेपर्यंत ते विकतील, बक्षीस देतील, नाहीतर शेजाऱ्याच्या नावे करतील. मुलाचा हक्क नाही, मग नातवाचा कुठून येणार? तुम्ही त्या घरात जन्मलात, तिथेच वाढलात, लाइटबिल भरलंत, याने मालकी येत नाही.

खरी गुंतागुंत गावच्या जमिनीची. चिपळूणकडची भातखाचरं, मालवणकडची माडबाग, साताऱ्याकडचं घर. इथे १७ जून १९५६ ही तारीख लाल शाईने लिहून ठेवा. त्या दिवशी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला.

पणजोबा त्या तारखेआधी वारले आणि जमीन आजोबांकडे आली, तर ती आजोबांच्या हातात वडिलोपार्जित. तिच्यात त्यांचा मुलगा, मुलाचा मुलगा आणि त्याचाही मुलगा यांना जन्मानेच हक्क मिळतो. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये अर्शनूर सिंग प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं. एकत्र कुटुंबाच्या वाटपात आजोबांच्या वाट्याला आलेली जमीनही त्यांच्या मुला-नातवंडांपुरती वडिलोपार्जितच राहते.

पणजोबा १९५६ नंतर वारले आणि त्यांची स्वतःची जमीन आजोबांना कलम ८ प्रमाणे (मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाचे वारस ठरवणारं कलम) वारसाने मिळाली, तर चित्र उलटं. १९८६ साली चंदर सेन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी मालमत्ता घेणाऱ्याची स्वतःची होते. त्याच्या मुलाला तिच्यात जन्माने काही मिळत नाही. २०१६ च्या उत्तम विरुद्ध सौभाग सिंग प्रकरणात तर नातूच वाटप मागत होता. त्याचे आजोबा १९७३ मध्ये गेलेले, तो जन्मला १९७७ मध्ये. आजोबा गेल्यावर जमीन कलम ८ प्रमाणे वारसांत वाटली गेली आणि तिचं एकत्र कुटुंबाचं रूप तिथेच संपलं, म्हणून दावा फेटाळला गेला. वंशावळीत तुमची स्वतःची जन्मतारीख लिहायला सांगितली ती यासाठी.

मुलींच्या बाबतीत ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्यात भर घातली की २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेलं नोंदणीकृत वाटप किंवा विक्री मात्र या दुरुस्तीने उखडत नाही. म्हणजे मुलाची मुलगी, तुमची बहीण, तुमच्या बरोबरीने उभी आहे आणि आत्या तुमच्या वडिलांच्या बरोबरीने.

वडिलोपार्जित जमिनीतही नातवाचा हिस्सा वडिलांच्या हिश्शातून येतो, वेगळा वरून मिळत नाही. शिवाय आपल्याकडे एक जुना अडसर आहे. वडील स्वतः आजोबांशी किंवा भावांशी एकत्र असताना, त्यांच्या संमतीवाचून मुलाने परस्पर वाटप मागू नये, असा मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाचा १८९२ चा निवाडा आहे. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी प्रतिवादीचा वकील तो बाहेर काढतोच.

तिसरं खातं खास मुंबईचं. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळीतली पागडीची खोली. "आजोबांची खोली" म्हणतात, पण आजोबा तिथे भाडेकरू होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ७(१५)(ड) प्रमाणे भाडेकरू वारल्यावर हक्क जातो तो मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. तसं कुणी नसेल तरच वारसाकडे. आजोबांबरोबर शेवटपर्यंत राहिलेली नात इथे विरारला राहणाऱ्या काकांच्या पुढे असू शकते. तिथे वंशावळीपेक्षा रेशनकार्ड, मतदार यादी आणि गॅसचं पुस्तक जास्त बोलतं. चाळीच्या पुनर्विकासात पात्रतेची यादी लागण्याआधी भाडेपावतीवरच्या नावाचा प्रश्न सोडवून घ्या.

हिशेब: मुलुंडच्या फ्लॅटचा

आता त्या पिशवीतल्या कागदांकडे येऊ. सोपं जावं म्हणून फ्लॅटची किंमत १ कोटी २० लाख धरू. आजोबा २०१५ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. मुलाचे वडील त्यांच्या आधी, २०११ मध्येच गेलेले. मागे आजी, काका, आत्या, आणि वडिलांच्या शाखेत आई, हा मुलगा आणि त्याची बहीण.

पहिल्या वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत आधी हक्क पोचणाऱ्या, वारसांत बायको, आई, मुलगे आणि मुली येतात, तसेच आधी वारलेल्या मुलाची बायको आणि मुलं, आणि आधी वारलेल्या मुलीची मुलंही. कलम १० म्हणतं, आजीला एक, काकांना एक, आत्याला एक आणि मयत मुलाच्या शाखेला मिळून एक. चार समान भाग, प्रत्येकी ३० लाख. शाखेचे ३० लाख आई, मुलगा आणि बहीण यांच्यात सारखे, प्रत्येकी १० लाख.

बरेच जण इथेच थांबतात. पण आजीही २०२१ मध्ये गेल्या, मृत्युपत्राविना. त्यांचे ३० लाख आता कलम १५ प्रमाणे, म्हणजे स्त्रीच्या मालमत्तेच्या नियमाने, जातात: मुलं, मुली आणि आधी वारलेल्या मुलाची मुलं. इथे सुनेचं नाव नाही! सासऱ्याच्या मालमत्तेत वारस असलेली सून सासूच्या मालमत्तेत या यादीत बसत नाही. म्हणून काका १० लाख, आत्या १० लाख आणि नातू-नात मिळून १० लाख, प्रत्येकी ५.

शेवटची बेरीज: काका ४०, आत्या ४०, आई १०, मुलगा १५, बहीण १५. एकूण १२०. मी ती कागदावर मांडून त्याच्यापुढे सरकवली तेव्हा तो पहिलं हेच म्हणाला, "आत्याला एवढे?" हो, एवढेच.

आता एकच तारीख बदलून बघा. वडील आजोबांच्या आधी न जाता २०१७ मध्ये गेले असते, तर त्यांना आधी त्यांचे ३० लाख मिळाले असते आणि मग ते त्यांच्या वारसांत वाटले गेले असते. वारसांत बायको, दोन मुलं आणि त्यांची आई, म्हणजे आजी. चार भाग, प्रत्येकी साडेसात लाख. म्हणजे आजीचा हिस्सा वाढला असता आणि पुढे तोच पुन्हा वाटला गेला असता. माणसं तीच, फ्लॅट तोच.

आईने पुन्हा लग्न केलं तरी मुलांच्या हिश्शाला धक्का लागत नाही. दत्तक नातवंडाला सख्ख्याइतकाच हक्क. वडिलांचं दुसरं लग्न कायद्याने रद्दबातल ठरत असलं तरी त्या मुलांना वडिलांच्या हिश्शात वाटा मिळतो. १ सप्टेंबर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तो एकत्र कुटुंबातल्या वडिलांच्या कल्पित हिश्शापर्यंतही नेला, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असतं तर जो त्यांना आला असता तो.

आजोळचं वेगळं. आई हयात असेल तर तिच्या वडिलांच्या मालमत्तेत तुम्हाला काही नाही. आई तिच्या वडिलांच्या आधी गेली असेल तर तुम्ही पहिल्या वर्गाचे वारस आणि मामाच्या बरोबरीने आईचा भाग तुमच्या शाखेला. आजोळकडून आलेली मालमत्ता तुमच्या हातात स्वतंत्र असते, वडिलोपार्जित नाही.

मृत्युपत्र निघालं तर

स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र करून आजोबा नातवंडांना पूर्ण वगळू शकतात, आणि "अन्याय झाला" एवढ्यावर ते पडत नाही. कलम ३० प्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेतला स्वतःचा हिस्साही मृत्युपत्राने देता येतो. इतरांचा देता येत नाही. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र लागतात. तेव्हा पाहायचं ते हे: दोन्ही साक्षीदारांनी आजोबांना सही करताना, किंवा त्यांनी सही केल्याचं कबूल करताना पाहिलं का, त्या तारखेला आजोबा हॉस्पिटलात कुठल्या अवस्थेत होते, आणि ज्याला सगळं मिळतंय त्यानेच वकील गाठून कागद तयार करून आणला का. हॉस्पिटलची केसपेपरं मागून ठेवा.

आजोबा हयात आणि राजी असतील तर याच्या उलट सोपा रस्ता आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नातू-नातीला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण स्वकष्टार्जित मालमत्तेपुरतंच. एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही.

कागद कुठून काढायचे

फ्लॅटसाठी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मूळ करारनामा आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा. इंडेक्स टूचा शोध नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर घेता येतो. न सापडल्यास सब-रजिस्ट्रारकडे. स्वतंत्र घर किंवा प्लॉट असेल तर सिटी सर्व्हे ऑफिसातून मालमत्ता पत्रक.

गावच्या जमिनीसाठी आजचा सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) ऑनलाइन मिळतो, पण त्याने भागत नाही. खरी गोष्ट जुन्या फेरफारांत, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदींत असते. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेकाची नक्कल मागा. "मयत अमुक यांचे वारस म्हणून", "वाटपाने", "खरेदीने" असे शब्द तिथे सापडतात, आणि मालमत्ता आली कशी याचं उत्तर त्याच शब्दांत असतं. आजोबांच्या नावापुढे "ए.कु.पु." किंवा "ए.कु.मॅ." दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब पुढारी, एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन नावाला एकट्याची, पण घरादाराची असल्याची ती खूण आहे.

सातबारा किंवा सोसायटीच्या दप्तरातलं नाव म्हणजे मालकी नव्हे. ती नोंद आहे, महसुलापुरती आणि कारभारापुरती. कोर्टाकडून वारस दाखला लागला तर तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. सक्सेशन सर्टिफिकेट मात्र बँकेतले पैसे, शेअर्स यांसाठी असतं. ते दाखवून फ्लॅट नावावर करायला गेलात तर हेलपाटे पडतात.

नॉमिनी काका आणि बिल्डरची घाई

सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली घातलेल्या कलम १५४ब-१३ चा अर्थ थोडक्यात असा: मृत्युपत्र, वारस दाखला, सक्सेशन सर्टिफिकेट किंवा कुटुंबातला समझोता यांपैकी काही येईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणून घेता येतं. तो सोसायटीशी पत्रव्यवहार करेल, मेंटेनन्स भरेल. मालक मात्र वारसच.

रिडेव्हलपमेंटमध्ये धोका हा की नव्या फ्लॅटचा करार, बांधकाम होईपर्यंतचं भाडं आणि कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) हे सगळं दप्तरात नाव असलेल्याला जातं. म्हणून सोसायटीला आणि बिल्डरला, दोघांनाही लेखी हरकत द्या. सोबत वंशावळ, मृत्यूचे दाखले, आणि एवढंच वाक्य: सर्व वारसांच्या सह्यांशिवाय करार आणि रक्कम देऊ नये. पोच घ्या, सेक्रेटरी पोच देत नसेल तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. त्या मुलाने पाठवली, आणि काकांच्या फोनपेक्षा बिल्डरच्या वकिलाचा फोन आधी आला. वादातल्या फ्लॅटचा करार करायला कुणी तयार नसतं.

वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपातल्या 'जाहीर नोटीस' वाचायची सवय लावा. सोसायट्या हस्तांतराआधी आणि खरेदीदारांचे वकील व्यवहाराआधी त्या देतात, हरकतीला साधारण १४ दिवस असतात. गावाकडे काकांनी परस्पर वारस नोंद घातली तर फेरफारावर हरकत घ्यायला १५ दिवस. हरकत लेखीच, तलाठी ओळखीचा आहे म्हणून तोंडी सांगून येऊ नका.

मुदत

एकत्र मालमत्तेतून तुम्हाला डावलल्याचं कळल्यापासून वाटपाच्या दाव्याला १२ वर्षं. वडिलांनी वडिलोपार्जित जमीन विकली असेल आणि ती विक्री उलटवायची असेल, तर खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून १२ वर्षं. कर्त्याने (एकत्र कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्याने) कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी, म्हणजे आजारपण, लग्न, कर्जफेड यासाठी विकली असेल तर ती टिकते. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा स्वतःचा हिस्सा आईने किंवा वडिलांनी कोर्टाच्या परवानगीशिवाय विकला असेल, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत, म्हणजे २१ व्या वाढदिवसाआधी हालचाल करावी लागते. ही मुदत फार पटकन निघून जाते. कॉलेज संपेपर्यंत कुणाला आठवतच नाही.

समझोता की दावा

समझोता झाला तर हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून दिलेलं चालत नाही. ते कुणाच्या लाभात सोडताय त्याचं नाव त्यात हवं. मोबदला ठरला असेल तर पे ऑर्डरचा क्रमांक दस्तातच लिहून घ्या, आणि "आत्ता सही कर, पैसे फ्लॅट मिळाल्यावर" याला स्पष्ट नाही म्हणा. मी पाहिलेल्या प्रकरणांत ते 'मिळाल्यावर' क्वचितच आलं.

दावा लावायची वेळ आलीच तर मुंबईत १० कोटींपर्यंतचे वाटपाचे दावे सिटी सिव्हिल कोर्टात चालतात. त्यावरचे हायकोर्टात. दाव्यात मागणी असते ती हिस्सा ठरवून सरस-निरस मानाने (चांगलं-वाईट तोलून) वाटप आणि वेगळा ताबा देण्याची. फ्लॅटचे तुकडे होत नाहीत, म्हणून बहुधा एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणं किंवा विकून पैसे वाटणं. सगळ्या वारसांना पक्षकार करावं लागतं, अमेरिकेतल्या चुलत बहिणीलाही.

दावा लावला की लगेच एक काम करा. आपल्याकडे मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या कलम ५२ ला १९३९ ची मुंबई दुरुस्ती आहे. दावा चालू असल्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेली असेल तरच मधल्या काळात घेणारा खरेदीदार दाव्याच्या निकालाला बांधला जातो. ही नोटीस म्हणजे 'लिस पेंडन्स'. दावा लावून निश्चिंत बसलेले आणि ती न नोंदवलेले लोक मी पाहिले आहेत. चार वर्षांनी निकाल हाती आला तेव्हा घरात तिसराच माणूस राहत होता.

कोर्ट फीबद्दल एक. महाराष्ट्रात १९९४ पासून मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. म्हणून मुलुंडच्या त्या प्रकरणात दाव्याचा मसुदा केला तेव्हा वादी म्हणून आई आणि बहीण यांची नावं लिहिली, आणि मुलगा काका-आत्यांबरोबर प्रतिवादींच्या रांगेत गेला. घरी त्याची चेष्टा झाली. दाव्यात त्याचा हिस्सा त्यामुळे कमी होत नव्हता. तो वेगळा काढून मागितला तर त्याच्यापुरती फी त्याने भरायची, एवढंच. मसुद्याची प्रत नोटिसीसोबत काकांना गेली आणि तिसऱ्या आठवड्यात आत्यांच्या घरी बैठक ठरली.